गच्चीवर पॅनल चढवण्याआधी

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक तार लटकलेली असते. खालच्या टोकाला लाकडाची चकती, वरचं टोक आकड्यासारखं वळवलेलं. लाइट बिल भरलं की पावतीसकट त्या तारेत ओवायचं, ही वडिलांची शिस्त. आता पैसे मोबाइलवरून जातात, तरी छापील बिल मी तारेत टोचतोच. दोन वर्षांपूर्वी घरावर सोलर बसवायचं डोक्यात आलं तेव्हा एजन्सीचा माणूस आला. गच्चीवर एक चक्कर मारली, "महिन्याला बिल किती येतं?" एवढं विचारलं आणि चहा निवायच्या आत सांगून मोकळा झाला, "साहेब, दोन किलोवॅट टाकू. बिल झिरो."

वीज घरात जाते कुठे, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. त्या रात्री तार खाली उतरवली, वर्षाची बिलं जमिनीवर पसरली आणि रुपयांचा आकडा सोडून पहिल्यांदाच युनिटचा आकडा वाचला.

धार आणि हौद

वॅट आणि युनिट यांत भल्याभल्यांचा गोंधळ होतो, म्हणून आधी तेच. नळाची धार किती मोठी आहे, ते सांगतात वॅट आणि किलोवॅट. हौदात एकूण पाणी किती साचलं, ते सांगतं युनिट. एक हजार वॅटचं, म्हणजे एक किलोवॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट खर्च. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला तरी एकच युनिट, आणि १० वॅटचा वायफायचा डबा शंभर तास चालला तरी एकच युनिट. मोठी धार थोडा वेळ किंवा बारीक धार दिवसभर, हौद दोन्हींनी भरतो.

एवढं कळलं की घराचा हिशेब कागद-पेन्सिलीने होतो. प्रत्येक उपकरणावर वॅट छापलेले असतात. रोजचे तास अंदाजाने धरायचे, गुणायचं, हजारने भागायचं. आमचा मार्च महिना असा निघाला. ७५ वॅटचे चार पंखे, सरासरी १२ तास: महिन्याला १०८ युनिट. जुना फ्रिज सुमारे ४०. गीझर रोज मिळून तासभर: ६०. एलईडी दिवे सगळे मिळून ११. टीव्ही ९, पाण्याची मोटर ८, वायफाय ७. बेरीज २४३, आणि बिलावर छापलेले युनिट २४६. तीन युनिट इस्त्री आणि मिक्सर यांच्या नावावर टाकले.

पंखे आणि गीझर मिळून दोन तृतीयांश! आणि आमच्या घरी भांडणं कशावरून, तर बाथरूमचा दिवा चालू राहिला यावरून. मोबाइलच्या चार्जरचंही तसंच. फोनची बॅटरी साधारण १५ वॅट-तासांची असते. रोज पूर्ण चार्ज केली तरी वर्षाला साडेपाच युनिट. आमचा गीझर तेवढी वीज पावणेतीन तासांत पितो. चार्जर सॉकेटमधून काढला की पृथ्वी वाचते, अशी समजूत असेल तर तिला निरोप द्यायला हरकत नाही. त्यापेक्षा सेट-टॉप बॉक्सकडे बघा. रिमोटने "बंद" केल्यावरही तो आठ-दहा वॅट घेत बसतो. वर्षाचे ७०-८० युनिट होतात. भिंतीवरचं बटण दाबायचं, झालं.

पाण्याने पाणीच तापवायचं

गीझरचा प्रकार नीट पाहिला तर हसू येतं. चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ इथल्या औष्णिक केंद्रांत कोळसा जाळतात, त्यावर पाणी उकळून वाफ करतात, वाफेवर चक्र फिरवतात. कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम एक तृतीयांश विजेत उतरते. बाकीची धुराड्यातून आणि शीतकरण मनोऱ्यांतून हवेत जाते. ही वीज तारांमधून राज्याच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या कराडला येते. वाटेत आणखी थोडी गळते. आणि इथे आल्यावर ती काय करते? पुन्हा पाणीच तापवते. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला बराचसा अशा द्राविडी प्राणायामापोटी.

१०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४ युनिट उष्णता लागते. हे भौतिकशास्त्र आहे, त्यात घासाघीस नाही. पण ती उष्णता विजेतूनच आली पाहिजे, असं मात्र नाही. गच्चीवरच्या काचेच्या नळ्यांचा बंब अंगावर पडणाऱ्या उन्हातला निम्मा किंवा त्याहून जास्त भाग थेट पाण्यात उतरवतो. वीज बनवणारं पॅनल त्याच उन्हातला २०-२२ टक्के भाग पकडतं. म्हणून पॅनल लावून त्यावर गीझर चालवणं म्हणजे दुप्पट-तिप्पट गच्ची अडवणं.

आपल्याकडे गेली कित्येक वर्षं "सोलर" म्हटलं की बंगल्यावरचा हा बंबच डोळ्यासमोर यायचा. आता पॅनललाही सोलरच म्हणतात. दोघांत मला बंबच जास्त आवडतो. साधा आहे, आणि सरकारी अर्ज लागत नाही. त्याचा एकच शत्रू, बोअरचं जड पाणी. नळ्यांत आणि टाकीत क्षार धरतो आणि चार-पाच वर्षांत पाणी कोमट यायला लागतं. शक्य असेल तर त्याला नदीच्या, नगरपालिकेच्या पाण्याची जोडणी द्या. पावसाळ्यातले ढगाळ दिवस सोडले तर आमचा गीझर आता बंद असतो.

पंख्यांचं काम याहून सोपं. साधा छताचा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा तेवढाच वारा २८ ते ३५ वॅटमध्ये देतो. फरक मोटरचा आहे. जुन्या मोटरमध्ये बरीच वीज नुसतं तापण्यात जाते (तासभर चाललेल्या जुन्या पंख्याच्या मधल्या वाटीला हात लावून बघा), नव्यात चुंबक कायमचे बसवलेले असतात आणि एक छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी त्यांना नेमक्या वेळी ढकलते. चार पंखे बदलल्यावर आमचे १०८ युनिट ४३ वर आले. आईची एकच तक्रार, पंख्याला रिमोट कशाला? तो हटकून गादीखाली सापडतो.

आता यातली खरी गंमत बिलात आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे असतात: पहिले १०० युनिट एका दराने, १०१ ते ३०० पर्यंतचे त्याहून चढ्या, ३०१ ते ५०० आणखी चढ्या, त्यापुढचे सर्वात महाग. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात जवळजवळ दुपटीचा फरक आहे. तुम्ही युनिट वाचवता ते वरच्या टोकाचे, म्हणजे महागाचे. इस्त्री-मिक्सर सोडून आमचा वापर २४३ वरून ११८ वर आला. वाचलेले सगळे १२५ युनिट दुसऱ्या टप्प्यातले होते. पंख्यांचे पैसे दोन उन्हाळ्यांत फिटले ते यामुळे. सोलर तेव्हा अजून बसलंही नव्हतं.

आणि दोन किलोवॅटची गरज उरली नव्हती. महाराष्ट्रात एक किलोवॅटचं पॅनल वर्षाची सरासरी काढली तर रोज चारेक युनिट देतं, महिन्याला १२०. आमचा खर्च ११८. एजन्सीवाल्याला फोन करून "एकच टाका" म्हटल्यावर तो जरा वेळ गप्प बसला.

गोबरगॅसचं पोट

पॅनलकडे वळण्याआधी स्वयंपाकघर, कारण घरातली ऊर्जा फक्त बिलातून जात नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटइतकी उष्णता भरलेली असते. कुकरची पहिली शिट्टी झाल्यावरही आच मोठी ठेवली तर आतलं तापमान वाढत नाही. ते १२० अंशांच्या आसपास अडतं आणि जास्तीचा गॅस शिट्टीतून वाफ होऊन उडतो. डाळ तासभर भिजवायची, शिट्टी आली की आच बारीक करायची. आपल्या आज्या हे करत होत्याच, त्यात मी काय सांगणार.

बायोगॅसबद्दल मात्र थोडं लांबण लावतो, कारण त्यात मी हात पोळून घेतलेत. पूर्वी गोबरगॅस म्हटलं की गोठा लागायचा. पुण्याच्या 'आरती' संस्थेचे डॉ. आनंद कर्वे यांनी प्रश्न उलटा केला. शेण म्हणजे गुरांनी खाऊन, पचवून टाकलेला चोथा. वायू बनवणारे जीवाणू गुरांच्या पोटातलेच. मग त्यांना चोथ्याऐवजी सरळ अन्नच का देऊ नये? शिळा भात, किडलेलं पीठ, तेलबियांची पेंड, सडकी फळं. असं पिष्टमय खाणं दिलं तर टाकी लहान पुरते आणि वायू आठवड्यांऐवजी एक-दोन दिवसांत तयार होतो. प्लॅस्टिकच्या दोन टाक्या, एकीत दुसरी उपडी घातलेली. वायू भरला की वरची टाकी उचलली जाते. या संयंत्राला २००६ मध्ये लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

तसं संयंत्र आम्ही परसात बसवलं. सुरुवातीला शेणाचा काला घातला, तो फक्त विरजण म्हणून. दोन-तीन आठवडे काहीच नाही, मग एका सकाळी वरची टाकी वीतभर उचललेली दिसली. शेगडी पेटली, ज्योत निळी. पुढे चार महिने रोजचा चहा आणि दूध त्याच्यावर. मग गणपती आले. पाच दिवस पाहुणे, पंगती, उरलेला भात, फुटलेले मोदक. सगळं उत्साहाने टाकीत. सहाव्या दिवशी टाकी बसली. आंबूस वास, आणि ज्योत काही धरेना.

काय झालं होतं? टाकीत दोन जातींचे जीवाणू एकापुढे एक बसलेले असतात. पहिले अन्न फोडून त्याचं आम्ल करतात, दुसरे ते आम्ल खाऊन मिथेन करतात. पहिले चपळ, दुसरे अगदी संथ. एकदम जास्त खाणं आलं की पहिले भराभर आम्ल करत सुटतात, दुसऱ्यांना ते उपसत नाही. टाकी आंबट होते, आणि आंबटपणात दुसरे आणखीच मंदावतात. माणसाचं पोट बिघडतं तसंच, आणि उपायही तोच: लंघन. आठ-दहा दिवस काही घातलं नाही, मूठभर चुना पाण्यात कालवून ओतला, शेजारच्या गोठ्यातलं पाटीभर ताजं शेण घातलं. हळूहळू पोट ताळ्यावर आलं. तेव्हापासून टाकीजवळ जुनं माप ठेवलंय. रोज दोन किलो, त्यापुढे एक घास नाही, गणपती असोत की दिवाळी. लिंबाची सालं, कांद्याची टरफलं, अंड्याची कवचं कंपोस्टच्या खड्ड्यात. थंडीत वायू कमी येतो, कारण हे जीवाणूही उबेचे भुकेले. पूर्ण सिलिंडर सुटेल अशा भ्रमात राहू नका. आमचा सिलिंडर महिन्याऐवजी दीड महिना जातो, आणि ओला कचरा घराबाहेर पडत नाही.

पॅनल म्हणजे घाटातली रांग

आता गच्ची. पॅनलमधल्या सिलिकॉनच्या पातळ चकतीला दोन थर असतात. दोन्हींत वेगवेगळी भेसळ मुद्दाम केलेली, त्यामुळे त्यांच्या सीमेवर एक उतार तयार होतो. उन्हाचा कण येऊन आपटला की इलेक्ट्रॉन जागचा सुटतो आणि उताराने एकाच दिशेला घरंगळतो. असे अब्जावधी घरंगळले की वीज. वाजत नाही, फिरत नाही, झिजत नाही. म्हणून कंपन्या पॅनलची पंचवीस वर्षांची हमी देऊ शकतात. इन्व्हर्टर नावाचा जो डबा या विजेला घरच्या विजेचं रूप देतो, तो मात्र त्याआधी एकदा तरी बदलावा लागेल असं धरून चाला.

एक चकती जेमतेम अर्धा व्होल्ट देते. म्हणून अनेक चकत्या एकामागे एक जोडतात, आणि इथेच मेख आहे. खंबाटकी घाट आठवा. एक ट्रक बंद पडला की मागे शंभर गाड्या चांगल्या असूनही उभ्या. पॅनलमध्ये एका चकतीवर सावली पडली की तिच्यातून वीज पुढे सरकत नाही आणि मागच्यांचीही अडते. यासाठी पॅनलचे सहसा तीन भाग करून प्रत्येकाला बगलेचा रस्ता दिलेला असतो, तरी एक ट्रक अडला की घाटाचा एक तृतीयांश गेला.

आमच्याकडे तेच झालं. बसवायला आलेली मुलं सकाळी अकराला आली, चारला गेली. काम नीटनेटकं, तोंडं दक्षिणेला, कल सतरा अंशांचा (आपल्या गावाचा अक्षांश जेवढा, साधारण तेवढा कल ठेवतात, कराडचा सव्वासतरा). पण तीन वाजले की पाण्याच्या टाकीची सावली पश्चिमेकडून सरकत येऊन पॅनलचा कोपरा धरायची. ॲपमधला आलेख रोज तीनला पायरी उतरल्यासारखा खाली. एजन्सीला सांगितलं तर उत्तर आलं, "एवढ्याशा सावलीने काही होत नाही." शेवटी प्लंबर बोलावून टाकीच दोन फूट मागे आणि चौथरा फोडून खाली घेतली. तो खर्च माझा. तुम्ही एवढंच करा: पॅनलची जागा ठरवण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी नऊ, बारा, तीन आणि साडेचारला गच्चीवर जा आणि सावल्यांच्या कडा खडूने आखा. शक्यतो डिसेंबरात, तेव्हा सूर्य खाली असतो आणि सावल्या सर्वांत लांब पडतात. एक किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते, तीही बिनसावलीची.

कडक ऊन म्हणजे जास्त वीज, हाही अर्धाच खरा हिशेब. पॅनलला ऊन हवं, उष्मा नको. त्याच्यावर छापलेले वॅट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. एप्रिलच्या दुपारी पॅनलची पाठ ६५ अंशांवर जाते, आणि दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. म्हणजे ४० अंशांमागे १४ टक्क्यांच्या आसपास गेली. थंड, स्वच्छ फेब्रुवारीत तेवढ्याच उन्हात पॅनल जास्त खुशीत असतं. म्हणूनच पॅनल गच्चीला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल असं उचलून बसवतात. धूळ धुवायची ती सकाळी सूर्य वर यायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. आणि पुन्हा तेच, बोअरचं पाणी वाळलं की पांढरे डाग सोडतं.

लाइट गेली की सोलरही जातं

शेजारच्या काकूंनी आमच्या आधी तीन किलोवॅटचं बसवलं होतं. एका दुपारी लाइट गेली आणि त्या कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "अहो, एवढं ऊन पडलंय, माझं सोलर चालू आहे, मग पंखा का बंद?"

"काकू, तुमचंही बंद झालं असेल. लाइन गेली की ते आपोआप बंद होतं."

"मग मी पैसे कशाचे भरले?"

प्रश्न रास्त होता, आणि एजन्सीवाले हे आधी सांगत नाहीत. घरावरचं बहुतेक सोलर बॅटरीशिवायचं असतं, महावितरणच्या लाइनला जोडलेलं. समजा लाइन बंद करून वायरमन खांबावर चढला आहे, आणि काकूंच्या गच्चीवरून वीज उलटी त्याच तारेत येते आहे. त्याचा जीव जाईल. म्हणून लाइनमध्ये वीज नाही असं दिसताच इन्व्हर्टर क्षणात स्वतःला तोडून घेतो. लाइट जाण्यावर इलाज हवा असेल तर बॅटरी वेगळी, तिचा खर्च वेगळा, आणि तिचं आयुष्य पॅनलपेक्षा बरंच कमी. दिवसातून तास-अर्धा तास लाइट जात असेल तर घरातला जुना इन्व्हर्टर पुरेसा आहे.

बॅटरीचं काम करतो नेट मीटर. दुपारी घरात कुणी नसतं तेव्हा जास्तीची वीज बाहेर जाते आणि तुमच्या नावावर जमा होते. रात्री तुम्ही ती परत घेता. दोन्हींची वजाबाकी बिलावर येते. जमा उरली तर पुढच्या महिन्यात ओढली जाते, पण आर्थिक वर्ष संपताना ३१ मार्चला जे शिल्लक राहील त्याला कमी दर मिळतो. त्यामुळे गरजेपेक्षा मोठं पॅनल बसवून वीज विकून श्रीमंत होण्याचा बेत बाजूला ठेवा. आणि "बिल झिरो" हे तर कधीच नसतं. स्थिर आकार सोलर असो-नसो भरावाच लागतो.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत, फेब्रुवारी २०२४ पासून, पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे. म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. ते पॅनल बसून मीटर लागल्यावर खात्यात येतं, आणि पॅनल भारतात बनवलेल्या सेलचं, म्हणजे सिलिकॉनच्या चकत्यांचं, असावं लागतं. ज्याने बसवलं त्याच्यावर पाच वर्षं देखभालीची जबाबदारी आहे. हे वाक्य कागदावर लिहून घ्या, तोंडी नको. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्यांनी हा परिच्छेद सोडून देऊ नये. गच्ची सोसायटीची असली तरी लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे यांच्या सामायिक विजेसाठी सोसायटीला दर किलोवॅटमागे १८,००० रुपये मिळतात. एकदा वार्षिक सभेत विषय काढा. पार्किंगच्या भांडणानंतर वेळ उरला तर.

ऊन फुकट, पाणी नाही

आमच्या भागात सौर विजेचं सर्वांत मोठं कौतुक घरात नाही, शिवारात आहे. शेतीला वीज बरेचदा रात्रीची. कृष्णाकाठच्या उसात बिबट्या पिलं घालतो, आणि शेतकरी रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जातो. दिवसा वीज मिळणं म्हणजे काय, हे त्याच्या बायकोला विचारा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या जमिनीवर पॅनल घालून तिथल्याच पंपांना दिवसा वीज देतात. "मागेल त्याला सौर कृषीपंप" मध्ये दहा टक्के रक्कम भरून, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी पाच टक्के भरून, स्वतःचा पंप मिळतो.

माझी धास्ती दुसरीच आहे. विजेचं बिल हा उपशावरचा एक लगाम होता. ऊन फुकट झालं की सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच पंप चालू ठेवायला काय जातं? विहिरीचं पाणी. ठिबक न घालता सौर पंप घेणं म्हणजे ओंजळ तीच ठेवून तोंड मोठं करणं.

आणि मग पाऊस लागतो. जुलैत आमचं एक किलोवॅट रोज दोन-अडीच युनिटवर येतं. पण त्याच दिवसांत पाटणकडे वर बघा. वनकुसवडे, चाळकेवाडी, सडावाघापूरच्या पठारांवर पवनचक्क्या सुसाट असतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते, म्हणून नैर्ऋत्येचा पाऊसवारा त्यांचा सुगीचा काळ. (याच कारणाने घराच्या गच्चीवर छोटी पवनचक्की बसवू नका. गावात वारा इमारतींना आपटून तुटलेला असतो, आणि निम्म्या वेगाला एक अष्टमांश शक्ती हाती लागते.) पठारांच्या खाली कोयना भरत असते. १०५ टीएमसीचं (म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाण्याचं) धरण, त्यातलं ६७.५ टीएमसी पाणी दरवर्षी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला, पोफळीकडे सोडून वीज करता येते. कोयनेची क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट, आणि तिची खरी किंमत आकड्यात नाही, वेळेत आहे. संध्याकाळी सातला सगळी पॅनलं झोपलेली आणि सगळ्या घरांतले दिवे, पंखे, टीव्ही चालू, तेव्हा झडप उघडली की काही मिनिटांत चक्र फिरायला लागतं. औष्णिक केंद्राला ते जमत नाही.

हे कौतुक करताना मुळशी विसरता येत नाही. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. पुढच्या धरणासाठी मुळशी पेट्यातली गावं बुडणार होती तेव्हा, १९२१ मध्ये, सेनापती बापटांच्या पुढाकाराने मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालंच. कोयनेचे विस्थापित अजून पुनर्वसनासाठी मोर्चे काढतात. धूर नसलेली वीजही कुणाच्या तरी उंबऱ्यावरून वाहत येते. म्हणून मला नव्या मेगावॅटपेक्षा न वापरलेल्या युनिटचं अप्रूप जास्त. त्याला ना जमीन लागते, ना तार.

माझ्या गच्चीवर सध्या वेगळीच अडचण आहे. टाकी हलवली, तीनची पायरी गेली, पण काकूंच्या परसातला शेवगा श्रावणात हातभर वाढतो आणि साडेतीनच्या सुमाराला पॅनलवर जाळी धरतो. गेल्या महिन्यात ॲपवर आलेख झुकलेला दिसला तेव्हा कोयता घेऊन त्यांच्याकडे गेलो. काकू म्हणाल्या, "फांदी तोडा, पण पाला टाकू नका. भाजीला हवा. आणि हो, माझ्या पॅनलकडेही जरा बघा, तुमच्या आंब्याची सावली पडते म्हणे."